पार्ल्याच्या पाण्यात कॅल्शियम किती?

‘आरओ’ यंत्रामुळे पाण्यातले कॅल्शियम निघून जाते आणि हाडे ठिसूळ होतात, अशी भीती अनेक घरांत असते. भीती निराधार नाही. पण विलेपार्ल्यापुरती ती चुकीच्या जागी आहे.

पाण्यात विरघळलेले कॅल्शियम शरीर जवळपास दुधातल्या कॅल्शियमइतकेच सहज शोषून घेते. युरोपातल्या काही खनिज पाण्यांत लिटरमागे १५० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. प्रौढांची रोजची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये १००० मिलिग्रॅम ठरवली. असे दोन लिटर पाणी त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा भागवते.

मुंबईचे गणित वेगळे. तानसा, वैतरणा, भातसा या धरणांत साठते ते पावसाचे पाणी. ते सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून येते. वाटेत चुनखडी लागत नाही. त्यामुळे नळाचे पाणी मृदू असते, साबणाला चटकन फेस येतो. त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम धरले, तरी दोन लिटरमधून मिळतात ४० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या अवघे ४ टक्के. पेलाभर दुधात याच्या पाच-सहा पट असते. मुळात नव्हते ते ‘आरओ’ काय काढून घेणार?

मग यंत्र लावावे का? ‘आरओ’ हे खारट, क्षारयुक्त पाण्यासाठी आहे. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तिथे त्यावर बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला होता. मुंबईच्या धरणांचे पाणी या मर्यादेच्या बरेच खाली आहे. इथला खरा धोका गळक्या वाहिन्या आणि न धुतलेल्या टाक्यांमधून येणाऱ्या जंतूंचा. त्यासाठी पाणी उकळणे किंवा गाळणी व अतिनील किरणांचे यंत्र पुरते. ‘आरओ’मध्ये मात्र बरेच पाणी मोरीत वाहून जाते.

बोअरवेलचे पाणी जड, म्हणून कॅल्शियमसाठी ते प्यावे, हाही उपाय नव्हे. त्यात सांडपाणी किंवा समुद्राचा खारेपणा मिसळलेला असू शकतो; तपासणीशिवाय ते पिऊ नये.

कॅल्शियम ताटातच शोधायला हवे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. दूध, दही, तीळ आणि काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी यांची जोड द्यावी. पाळी थांबलेल्या स्त्रियांची गरज १२०० मिलिग्रॅम आहे. ती नळाच्या भरवशावर सोडता येणार नाही.