बंब येईपर्यंत

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात दारूगोळा होता आणि कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात मारले गेले. त्यांची आठवण ठेवली जाते हे योग्यच आहे. पण कापूस पिकवणाऱ्या गावात कापूस पेटला तर काय करायचे, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. तो प्रश्न आम्ही जिल्हा बैठकीपुढे ठेवत आहोत.

आग कधी आणि कशाला लागते, हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. होळीपासून मृगापर्यंतचे दिवस. पेटणाऱ्या वस्तू ठरलेल्या: कडब्याची गंजी, गोठा, घरामागचा पऱ्हाटीचा ढीग, भाव वाढेल या आशेने घरात भरून ठेवलेला कापूस. ठिणगीही ठरलेली: लोंबकळणारी वीजतार, अर्धी विझलेली विडी, चुलीतली राख, शेजारच्याने पेटवलेला धुरा. तालुक्याला फोन जातो. बंब तीस-चाळीस किलोमीटरवरून निघतो, तोही दुसरीकडे गेलेला नसेल तर. तो पोचेपर्यंत गंजीची राख झालेली असते. दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनामा करून जातो. ज्याचा वर्षाचा चारा गेला तो पुढच्या बाजारात बैल विकायला काढतो, आणि सगळ्यांनीच काढले की बैलाला भाव राहत नाही.

यात एकट्या तालुक्याच्या बंबवाल्यांचा दोष नाही. १९९३ साली पंचायती आणि नगरपालिकांसाठी घटनादुरुस्त्या अमलात आल्या. नगरपालिकांच्या कामांची यादी बाराव्या परिशिष्टात आहे. तिच्यात 'अग्निशमन सेवा' हे काम स्पष्ट लिहिले आहे. पंचायतींची यादी अकराव्या परिशिष्टात आहे. तिच्यात २९ विषय आहेत. 'इंधन आणि चारा' हा विषयही आहे. आगीचा विषय मात्र नाही. चारा गावाचा आणि आग विझवणे शहराचे, अशी ही वाटणी आहे.

मग सरकारकडे गावोगाव बंब मागायचा का? आमच्या मते ती मागणी हिशेबात बसत नाही. ज्या गावात वर्षाकाठी एखाददुसरी आग लागते तेथे बाराही महिने पगारी माणसे बसवून ठेवणे कोणत्याच तिजोरीला झेपणार नाही. आणि आगीची पहिली दहा-पंधरा मिनिटेच खरी महत्त्वाची असतात. त्या वेळी जागेवर फक्त शेजारी असतो. तेव्हा प्रश्न असा की शेजाऱ्यांचे दल कसे बांधायचे. इतर देशांतील गावकऱ्यांनी हे काम फार पूर्वी केले आहे. त्यांचे काय जमले आणि काय फसले, ते पाहू.

बादली, पिशवी, बैठक, दंड

अमेरिकेतील फिलाडेल्फिया गावात ७ डिसेंबर १७३६ रोजी बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या शेजाऱ्यांनी 'युनियन फायर कंपनी' स्थापन केली. फ्रँकलिन तेव्हा छापखाना चालवत होता. आदल्या वर्षी त्याने आपल्याच वर्तमानपत्रात लिहिले होते की, फावड्यावर उघडा विस्तव घेऊन एका खोलीतून दुसरीत जाऊ नका. शेजारून विस्तव आणणाऱ्या आपल्या आजीला ते लगेच पटले असते.

कंपनीत ३० सभासद. प्रत्येकाने स्वतःच्या खर्चाने चामड्याच्या बादल्या आणि जळत्या घरातले सामान बाहेर काढायला मजबूत पिशव्या व टोपल्या तयार ठेवायच्या. महिन्यातून एक बैठक. न येणाऱ्याला दंड. दंडाच्या पैशातून शिड्या, आकड्या, पंप. तीसच्या वर लोक येऊ लागले तेव्हा त्यांना सांगितले, तुमची वेगळी कंपनी काढा. अशा एकाच्या अनेक झाल्या.

या नियमांत शौर्याची भाषा कोठे नाही. आगीच्या दिवशी धावत सुटणारे लोक प्रत्येक गावात असतात. आग नसलेल्या दिवशी बैठकीला येणारे तीस लोक मिळवणे हेच अवघड काम होते, आणि कंपनीने नेमके तेच केले.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. शहर वाढले, कंपन्या वाढल्या आणि त्यांच्यात ईर्षा शिरली. एकोणिसाव्या शतकात आगीपाशी पोचलेल्या दोन कंपन्यांची माणसे आपसात मारामाऱ्या करू लागली. शेवटी १८७१ साली फिलाडेल्फियाने पगारी दल नेमले. दाट वस्तीच्या शहराला ते परवडते आणि शोभतेही. लहान गावांत मात्र अमेरिकेत आजही स्वयंसेवकच आग विझवतात. पण गटबाजी शिरली की दल मोडते, हा धडा निवडणुकीच्या निकालावर पाण्याचा टँकर अडवणाऱ्या आपल्या गावांनी लक्षात ठेवावा.

बेरिगनचे गहूवाले

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. न्यू साउथ वेल्स राज्याच्या दक्षिण टोकाला बेरिगन नावाचे एक लहान गाव आहे. मुलूख गव्हाचा आणि मेंढ्यांचा, पाऊस बेभरवशाचा. १८९० नंतरच्या वर्षांत त्या भागात आगींनी कहर केला, तेव्हा १८९६ साली बेरिगनमध्ये वणवा विझवणारे त्या राज्यातले पहिले अधिकृत स्वयंसेवक दल उभे राहिले. त्या काळच्या अशा दलांकडे असायचे काय? ओली पोती, हिरव्या फांद्या, घोड्याच्या गाडीवर पाण्याची टाकी. हळूहळू गावोगाव दले झाली, ती स्थानिक कौन्सिलांना जोडली गेली, आणि १९९७ च्या कायद्याने त्या सर्वांची मिळून 'रूरल फायर सर्व्हिस' झाली. आज तिच्यात ७० हजारांच्या वर स्वयंसेवक आहेत.

सव्वाशे वर्षांच्या या कामातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, आगीपाशी एकाचाच हुकूम. दलाचा नायक तेथे सभासदांतून निवडून येतो. एकदा निवडला की आगीपाशी शंभर एकरवालाही त्याचेच ऐकतो. आपल्याकडे आग लागली की पन्नास माणसे पन्नास सूचना देतात आणि बादली कोणाच्या हातात नसते.

दुसरी, पेटवण्याची शिस्त. न्यू साउथ वेल्समध्ये उन्हाळ्याचे महिने, साधारण ऑक्टोबर ते मार्च, धोक्याचे म्हणून जाहीर होतात. त्या काळात स्वतःच्या शेतातही परवान्याशिवाय आग लावता येत नाही, आणि लावण्यापूर्वी २४ तास आधी शेजाऱ्यांना कळवावे लागते. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात कापणीसाठीही रीत ठरली आहे. वारा, उष्णता आणि हवेतला ओलावा यांवरून धोका काढतात आणि तो मर्यादेबाहेर गेला की शेतकरी उभ्या पिकात हार्वेस्टर थांबवतात. आपण धुरे पेटवतो तेव्हा शेजाऱ्याला हाकसुद्धा मारत नाही.

तिसरी गोष्ट माणसाच्या जिवाची. २ डिसेंबर १९९८ रोजी व्हिक्टोरिया राज्यात लिंटन येथे वणवा विझवताना वारा अचानक फिरला आणि एका गाडीवरचे पाच स्वयंसेवक जळून मेले. त्या घटनेची दीर्घ चौकशी झाली. त्यानंतर प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय कोणाला आगीवर पाठवायचे नाही, आणि टाकीतले सगळे पाणी आगीवर न संपवता थोडे स्वतःच्या बचावासाठी राखून ठेवायचे, हे दंडक पक्के झाले. पाच जिवांची किंमत देऊन शिकलेला हा नियम आपल्याला फुकट मिळतो आहे.

स्वयंसेवा म्हणजे वेठ नव्हे

२०१९-२० च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात अभूतपूर्व वणवे पेटले. स्वयंसेवक आठवडेच्या आठवडे आगीवर राहिले. कोणाची शेती पडून राहिली, कोणाचे दुकान बंद राहिले. स्वयंसेवकाला पैसे द्यायचे नसतात, असे म्हणत आलेल्या सरकारवर ओरड झाली. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या स्वयंसेवकांसाठी भरपाई जाहीर झाली: दहा दिवसांहून अधिक सेवा केलेल्यांपैकी जे स्वतःचा धंदा करतात किंवा लहान-मध्यम धंद्यात नोकरीला आहेत, त्यांना बुडालेल्या कमाईपोटी दिवसाला ३०० डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त ६००० डॉलर.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. शेतकऱ्याचा घाम फुकट धरण्याची सवय या देशात जुनी आहे. ज्वारीत त्याची मजुरी धरली जात नाही, कापसात धरली जात नाही; उद्या गावाच्या दलातही धरली जाणार नाही. शेजाऱ्याची आग विझवण्याचा मोबदला कोणी मागणार नाही. पण आग विझवताना हात भाजला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? जीव गेला तर मागे राहिलेल्यांचे काय? स्वयंसेवकाचा विमा हा सरकारने भरायचा हप्ता आहे. ही मागणी आम्ही ठामपणे करू.

आणखी एक इशारा अमेरिकेतून येतो. तेथे १९८४ साली सुमारे ८ लाख ९८ हजार स्वयंसेवक अग्निशामक होते. २०२० साली सुमारे ६ लाख ७७ हजार उरले. कारणे अनेक आहेत: प्रशिक्षणाचे वाढते तास, कामासाठी दूर जाणारी माणसे, लहान गावांतून निघून गेलेले तरुण. आपल्याकडे वेगळे काय आहे? शेती परवडत नाही म्हणून पोरगा पुण्याला वॉचमन होतो. तो तेथे दुसऱ्याच्या इमारतीतली आग विझवण्याची लाल नळकांडी राखतो आणि गावात त्याच्या बापाच्या गंजीजवळ तरणे माणूस उरत नाही. शेतीमालाच्या भावाचा लढा आणि गावाच्या दलाचा प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येणार नाहीत.

आपल्या गावात काय करता येईल

साधने बरीचशी घरातच आहेत. फवारणीचा पाठीवरचा पंप वणव्यावर जगभर वापरतात. दलासाठी दोन-चार पंप वेगळे ठेवावेत, औषधाचे पंप वापरू नयेत. ट्रॅक्टरवरचा पाण्याचा टँकर आणि त्याला जोडायचे इंजिन कोणाकडे आहे, मे महिन्यात पाणी कोणत्या विहिरीला असते, याची यादी आधीच हवी. विहीर कोणाचीही असो, कोणत्याही वस्तीतली असो, आगीच्या वेळी पाणी गावाचे, हा ठराव ग्रामसभेत आधीच झाला पाहिजे.

गंजीची जागा घरापासून आणि तारांपासून दूर असावी. सगळा कडबा एका गंजीत रचू नये. दोन-तीन गंज्या अंतर ठेवून रचाव्यात आणि प्रत्येकीभोवती नांगरटीचा मोकळा पट्टा ठेवावा. तार तुटून आग लागली असेल तर वायरमनकडून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नये.

कापसाची आग फसवी असते. रुईच्या धाग्यावर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे पाणी वरून घरंगळते आणि विस्तव आत धुमसत राहतो. फवारणीत औषध पानाला चिकटावे म्हणून आपण स्टिकर घालतो, त्याच तत्त्वावर पाण्यात थोडी कपडे धुण्याची पावडर घातली की पाणी आत शिरते. ढीग एकदम उपसू नये, वारा लागून भडका उडतो. पाणी मारत थोडा थोडा ओढावा, मोकळ्या जागी पसरावा आणि विझल्यासारखा वाटला तरी दिवसभर त्यावर राखण ठेवावी.

दलात निम्म्या बाया असाव्यात. हे सौजन्य म्हणून आम्ही लिहीत नाही. भर दुपारी आग लागते तेव्हा गडीमाणसे शिवारात असतात आणि वस्तीत बायाच असतात.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, या बैठकीत दोन ठराव मांडले जातील. एक सरकारसाठी: पंचायतींच्या विषयांत अग्निशमन घाला, गावच्या दलाला तालुक्याच्या केंद्रावर प्रशिक्षण द्या आणि प्रत्येक स्वयंसेवकाचा विमा उतरवा. दुसरा आपल्यासाठी: होळीच्या आत प्रत्येक गावाने वीस नावे, एक नायक, बैठकीची तारीख आणि गैरहजेरीचा दंड ठरवावा. पहिला ठराव मंजूर व्हायला किती वर्षे लागतील ते सरकार ठरवील. दुसऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. कागद आणि पेन बैठकीच्या दाराशी ठेवले आहेत. जाताना आपल्या गावाची वीस नावे लिहून जा.