विश्लेषण : उत्प्रेरकातील ऑक्सिजन मोजताना चूक कुठे होते?

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते, हे एव्हाना चोरांनाही ठाऊक झाले आहे. मात्र, त्यांच्या जोडीला असलेल्या सेरियम-झिर्कोनियम ऑक्साइडची चर्चा फारशी होत नाही. पेट्रोल इंजिनाला हवा जास्त मिळाली की हे ऑक्साइड ऑक्सिजन साठवते, हवा कमी पडली की तो सोडते. त्यावर विषारी कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर सुरू राहते.

वाद कशावरून?

ऑक्साइडमधला सगळा ऑक्सिजन सारखा नसतो. काही स्फटिकाच्या जाळीत घट्ट बसलेला, काही पृष्ठभागावर चिकटलेला, काही पाण्यापासून झालेल्या हायड्रॉक्सिलमध्ये. शिवाय ऑक्सिजन निघून गेल्यावर उरणाऱ्या रिक्त जागा वेगळ्याच. त्या जितक्या जास्त, तितका उत्प्रेरक चांगला, असे अनेकदा मानले जाते. म्हणून त्या मोजण्याची घाई.

त्यासाठी सर्रास वापरतात ते एक्सपीएस हे तंत्र. नमुन्यावर क्ष-किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची. जाळीतला ऑक्सिजन साधारण ५२९ ते ५३० इलेक्ट्रॉन व्होल्टला दिसतो. ५३१ ते ५३२च्या आसपास दुसरा उंचवटा येतो आणि असंख्य शोधनिबंधांत त्यालाच ‘रिक्त जागा’ म्हटले जाते.

मग चूक कोणती?

रिक्त जागेत ऑक्सिजनच नाही, तर इलेक्ट्रॉन येणार कुठून? गैरहजर मुलाने ‘हजर’ म्हणण्यासारखे हे झाले. हवेत ठेवलेल्या नमुन्यावर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड बसतात; त्यातून होणारे हायड्रॉक्सिल आणि कार्बोनेट नेमके याच भागात दिसतात. पाणी रिक्त जागेवर विघटित होऊन हायड्रॉक्सिल बनते, त्यामुळे अप्रत्यक्ष संबंध असू शकतो. पण तो वेगळा सिद्ध करावा लागतो. अन्यथा ओलसर नमुनाही ‘उत्तम’ ठरतो आणि पुढचे संशोधन त्याच्यामागे जाते.

पर्याय आहेत. हायड्रोजनमध्ये तापवून किती ऑक्सिजन निघतो ते मोजता येते. सेरियम ऑक्साइडमध्ये पृष्ठभागाचा ऑक्सिजन साधारण ५०० अंश सेल्सिअसला, आतला ८००च्या आसपास निघतो. ऑक्सिजन-१८ हे समस्थानिक वापरले, तर कोणता अणू कुठून आला हेही कळते. एकाच तंत्रावर विसंबणे मात्र धोक्याचे.

गंमत म्हणजे मोटार या वादात पडतच नाही. कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. मागच्याचा संकेत पुढच्यासारखा वरखाली होऊ लागला, की साठवण संपत आली असे समजून डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो.