सोळांतला एक निवडताना

वाचकहो, मुले मोठी होऊ लागली की आईबापांनाही नव्याने विद्यार्थी व्हावे लागते. गेल्या महिन्यात माझ्या वाट्याला आलेला विषय होता व्हिडिओ गेमचा!

घडले ते असे. माझ्या पुतण्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्याने आपला वापरलेला प्लेस्टेशन ४ आमच्या मुलीला देऊन टाकला. तिची बारावीची परीक्षा संपली होती आणि कॉलेज प्रवेशाच्या धावपळीला अवकाश होता. 'फायनल फँटसी' या जपानी मालिकेबद्दल तिने मैत्रिणींकडून बरेच ऐकले होते. मी म्हणालो, "एक गेम घेऊन देईन. कोणता, ते तू ठरव." आणि तिथेच घोडे अडले. कारण १९८७ ते २०२३ या काळात या मालिकेचे क्रमांक असलेले सोळा भाग निघालेले आहेत. जोडभाग वेगळेच!

मुलगी म्हणाली, "पप्पा, मी पहिल्यापासून सुरू करते. पहिली न शिकता एकदम दहावीत कसं बसायचं?" पुतण्याने फोनवरून सल्ला दिला, "काका, डोळे मिटून सातवा घ्या." तिच्या आईचा निकाल सर्वांत सोपा होता, "एकही नको!"

मी पडलो कारकून. जमाखर्च मांडल्याशिवाय मला निर्णय घेता येत नाही. सोळांपैकी अकरावा आणि चौदावा हे दोन भाग इंटरनेटवर असंख्य लोकांबरोबर खेळायचे, त्यांना शेवट असा नाही. ते वगळले. राहिले चौदा. एकेका भागाला सरासरी चाळीस तास धरले तर ५६० तास झाले. रविवारी चार तास खेळायचे म्हटले तर १४० रविवार, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे आठ महिने! हा आकडा पाहून मुलगीच म्हणाली, "नको बाई, एकच निवडू."

मग आम्ही दोघांनी बसून माहिती जमवली. पहिला उलगडा असा झाला की, या मालिकेतले क्रमांक म्हणजे शाळेच्या इयत्ता नव्हेत. प्रत्येक क्रमांकाची दुनिया वेगळी, माणसे वेगळी, कथा वेगळी. चोकोबो नावाचा स्वारीचा मोठा पक्षी, सिड नावाचे एखादे पात्र, अशा काही ओळखीच्या खुणा भागाभागांतून भेटत राहतात, एवढेच. त्यामुळे दहावा खेळण्यासाठी आधीचे नऊ खेळण्याची काहीच गरज नाही. मात्र जिथे क्रमांकाला शेपूट जोडलेले आहे, तिथे सावध राहावे. 'दहा-दोन' हा २००३ सालचा गेम दहाव्याचीच पुढची कथा सांगतो. तो आधी खेळला तर दहाव्याची गोडी जाते.

क्रमांकांचा आणखी एक घोळ आहे. दुसरा आणि तिसरा भाग त्या काळी अमेरिकेत विकायला आलेच नव्हते. म्हणून १९९१ साली जपानचा चौथा भाग तिथे 'दोन' म्हणून विकला गेला आणि १९९४ साली सहावा 'तीन' म्हणून! १९९७ साली सातवा आला तेव्हा कुठे दोन्हीकडचे आकडे जुळले. जुन्या लेखात कोणी 'तिसऱ्या'ची स्तुती केली असेल तर ती बहुधा सहाव्याची असते. तात्पर्य, पाटीवरचा आकडा पाहून माल ओळखू नये.

आता सातव्याचे. त्यात मिडगार नावाचे दोन थरांचे शहर आहे. वरच्या थरावर सुखवस्तू लोक, खाली त्याच्याच सावलीत झोपडपट्टी आणि साऱ्या शहरावर एका वीज कंपनीची सत्ता. हे ऐकून माझेही मन त्याच्याकडे ओढले गेले. परंतु नव्या रूपात ही कथा तीन गेममध्ये सांगायचे ठरले. पहिला २०२० साली आला, दुसरा २०२४ साली, आणि तो दुसरा प्लेस्टेशन ४ वर चालतच नाही. मूळचा १९९७ चा गेम चालतो, पण त्यातली ठोकळ्यांसारखी माणसे मुलीला रुचली नाहीत. अर्धी कथा घेऊन मध्येच अडकण्यात अर्थ नव्हता.

लढाईचा प्रकारही पाहावा लागतो. पंधराव्या-सोळाव्यात बोटे भराभर चालवावी लागतात. दहाव्यात तसे नाही. आपली पाळी आली की खेळ थांबून राहतो, विचार करून चाल ठरवता येते. माझ्यासारख्या पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला हे सोयीचे!

शेवटी दहाव्याची निवड झाली ती कथेमुळे. २००१ सालच्या या गेममध्ये स्पिरा नावाची दुनिया आहे. 'सिन' नावाचे अक्राळविक्राळ संकट पुन्हा पुन्हा येऊन गावेच्या गावे उद्ध्वस्त करते. मंदिरांचे पुरोहित सांगतात, "तुमच्या पूर्वजांनी यंत्रे वापरली, त्या पापाची ही शिक्षा आहे. प्रायश्चित्त घ्या." अल बेड नावाचे लोक यंत्रे वापरतात, म्हणून बाकीचे त्यांचा तिरस्कार करतात. बाहेरून आलेला एक मुलगा मात्र विचारत राहतो, "असे का?" पुढचे सांगत नाही, खेळणाऱ्यांचा विरस होईल. एवढेच म्हणतो की, पूर्वजन्मीच्या पापाच्या गोष्टी ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या, त्या समाजातल्या मुलीला ही कथा परकी वाटली नाही.

या गेमची मुख्य कथा पुरी करायला पन्नासेक तास लागतात. मी हिशेब केला, रविवारी चार तास म्हटले तर बारा-तेरा रविवार. मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही बसाल माझ्याबरोबर?"

या प्रश्नाने मी गप्प झालो. त्या रात्री मी माझ्याच रविवारांची यादी केली. बैठका, अभ्यासवर्ग, वस्तीतल्या कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाचा जातीचा दाखला. सगळी कामे आवश्यकच, एकही खोडता येईना. परंतु मुलीचे नाव त्या यादीत कुठेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना सांगितले की, रविवारी सायंकाळी सहानंतर मी मिळणार नाही. कोणी रागावले नाही. दाखल्याचे अर्ज आता सकाळी भरून होतात.

आतापर्यंत तीन रविवार झाले. ती खेळते, मी पडद्यावरची इंग्रजी वाक्ये वाचतो, अडलेल्या शब्दाचा अर्थ तीच मला सांगते. एकही नको म्हणणारी तिची आई आता सहा वाजता चहा घेऊन येते आणि विचारते, "त्या पोरीचं पुढे काय झालं?"

म्हणून वाचकहो, मुलांनी अशा लांबलचक मालिकेतला गेम मागितला तर एकदम नाही म्हणू नका आणि सगळेही घेऊ नका. घरातले यंत्र पाहा, हाताशी असलेले तास मोजा, कथा विचारून घ्या आणि त्यातला एकच निवडा. मात्र तास मोजताना त्यात स्वतःचेही थोडे धरा. ते कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.