घोडागाडीचा फोटो काढू नका

अमेरिकेला जाऊन आलेल्या नातेवाइकांचे फोटो आपण सगळ्यांनीच बघितलेत. नायगारा, टाइम्स स्क्वेअर, आणि मध्येच कुठेतरी एक घोडागाडी. चालत्या कारमधून, मागून काढलेली, थोडी हललेली. वर कॉमेंट: "हे आमिश लोक. अजून विजेशिवाय राहतात, बोला!" गेल्या वर्षी सुट्टीत मावशीकडे न्यू जर्सीला गेले होते, तेव्हा आम्हीही पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत जाऊन आलो. माझं मत विचाराल तर तिथे जरूर जावं, पण त्या फोटोसाठी नव्हे. निदान इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी नाहीच.

आधी थोडा इतिहास, पटकन. १६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि अल्सेस भागात एका ख्रिस्ती पंथात फूट पडली. याकोब अम्मानच्या मागे गेले ते आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात आले. घरात अजूनही जर्मनची एक बोली बोलतात. आज उत्तर अमेरिकेत त्यांची संख्या साडेतीन लाखांच्या वर आहे आणि वाढतेच आहे, तेव्हा 'लुप्त होत चाललेले लोक' वगैरे डोक्यातून काढून टाका. (बायकांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोप्या बघून मला शाळेतल्या सिस्टर्स आठवल्या आणि आपोआप पाठ ताठ झाली. कॉन्व्हेंटचे संस्कार!)

आता मुद्द्याचं. 'विजेशिवाय राहतात' हे अर्धवट आहे. एका फर्निचरच्या दुकानात, मी इंजिनिअरिंगला आहे म्हटल्यावर, मालकांनी मागची वर्कशॉप दाखवली. ड्रिल, सँडर, करवत, सगळं होतं. फक्त मशीनची इलेक्ट्रिक मोटर काढून तिथे हवेवर चालणारी मोटर बसवलेली. बाहेर शेडमध्ये डिझेल इंजिन, त्यावर कॉम्प्रेसर, तिथून पाइपने हवा आत. एफिशियन्सी काढाल तर रडू येईल. डिझेल जाळा, हवा दाबा, ती गरम होणार, उष्णता वाया, वर पाइपमधली गळती. मी तसं म्हटलंसुद्धा. ते हसले आणि म्हणाले, "हो, माहीत आहे." बस्स, तेवढंच.

माहीत असून असं का? कारण त्यांचा आक्षेप विजेवर नाही, तारेवर आहे. बॅटरी चालते, कित्येक ठिकाणी सोलर पॅनलही दिसतात. पण कंपनीची तार घरात आली की तिच्यामागून टीव्ही येणार आणि बाकीचं जगही येणार, असा त्यांचा हिशोब. टेलिफोनचंही तेच. १९१० च्या सुमारास तो घरात नको असं ठरलं. पण शेताच्या कडेला एक छोटी लाकडी खोली आणि त्यात चार-पाच घरांत मिळून एक फोन, हे चालतं. कारमध्ये बसायला हरकत नाही, मालकीची नको. आणि सगळ्यात भारी म्हणजे सायकल! लँकेस्टरचे आमिश सायकल वापरत नाहीत, पायाने ढकलायची स्कूटर वापरतात. सायकलने माणूस घरापासून फार लांब जातो म्हणून. चर्चचा एक गट म्हणजे वीस ते चाळीस घरं. हे नियम वर्षातून दोनदा सगळ्या सभासदांसमोर मांडले जातात आणि बायकाही त्यावर मत देतात.

मला हे सॉलिड वाटलं. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'ॲडव्हान्टेजेस', 'कॉस्ट एस्टिमेशन', 'फ्यूचर स्कोप' अशी सगळी प्रकरणं असतात. ही वस्तू ज्या घरात जाईल तिथली माणसं एकमेकांशी कशी वागतील, यावर एक पानसुद्धा नसतं. व्हायवाला कोणी विचारतही नाही. ते लोक नेमकं तेच पान आधी लिहितात.

पण म्हणून 'अहाहा, काय साधं जीवन' म्हणत गहिवरणाऱ्यांशीही माझं जमणार नाही. त्यांची शाळा आठवीला संपते. १९७२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना तशी मोकळीक दिली. दुकानात बिल करणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. सगळी बेरीज तोंडी, माझ्यापेक्षा फास्ट. ती थर्मोडायनॅमिक्स शिकायची शक्यता जवळजवळ शून्य. चर्चमध्ये राहायचं की नाही हे मोठं झाल्यावर ज्याने-त्याने ठरवायचं असतं हे खरं, आणि बहुतेक जण राहतात हेही खरं. पण आठवीपर्यंत शिकलेल्या मुलीसमोर पर्याय तरी किती उघडे असतात? ते प्रश्न चांगला विचारतात, त्याची किंमत मात्र माझ्यासारखीला परवडणारी नाही.

असो. दुकानांबद्दल सांगायलाच हवं. रजया बघून मावशी ओरडली, "अगं, ही तर आपली गोधडी!" दिसायला खरंच तशी, पण गोधडी जुन्या साड्यांची आणि ही नव्या कापडाची, किंमत हजार डॉलरच्या आसपास. मावशीने सवयीने भाव करून बघितला. समोरच्या बाईंनी शांतपणे मान हलवली. नंतर वाचलं की तिथे विकल्या गेलेल्या पुष्कळ रजयांवर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग बायकांचा हात फिरलेला आहे. 'आमिश' ही पाटी तर हमरस्त्यावर कोणीही लावतो. त्यामुळे आडरस्त्याला वळा. घराच्या फाटकावर हाताने लिहिलेला बोर्ड असतो: अंडी, जॅम, रूट बिअर (नावातच बिअर आहे, उगाच खूश होऊ नका). काही ठिकाणी तर माणूसही नसतो, नुसता पैशांचा डबा.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर फोटोसाठी पोझ देणं त्यांच्या धर्मात बसत नाही, कारण त्यात अहंकार आला. धर्म सोडा, आपली आजी अंगणात पापड वाळत घालतेय आणि बसमधून पन्नास जण तिचे फोटो काढतायत, अशी कल्पना करून बघा. १९८४ साली 'विटनेस' हा सिनेमा इथे शूट झाला, पण गर्दी त्याच्याही आधीपासूनची आहे. दुकानात शिरून गिऱ्हाईक झालात की मात्र बोलणं सुरू होतं. मशीनबद्दल विचारलंत तर फारच.

कधी योग आलाच तर रविवार सोडून जा, सगळं बंद असतं. रोख पैसे ठेवा. बर्ड-इन-हँड गावाच्या आसपास पुष्कळ दुकानं आहेत. त्याच्या पुढच्याच गावाचं नाव या मासिकात छापता येणार नाही, नकाशात बघून घ्या. आणि फर्निचरच्या दुकानात गेलात तर मागच्या शेडमधला कॉम्प्रेसर बघू का, असं विचाराच. किती बारवर चालवतात ते विचारायचं माझं राहिलं.