आधी जिवाणू, मग मासे



घरात किंवा वर्गात माशांची काचपेटी आणायचे ठरले, की बहुतेक ठिकाणी सारे एकाच दिवसात उरकले जाते. सकाळी पेटी, रेती, हवेचा पंप आणि फिल्टर यांची खरेदी होते, दुपारी पाणी भरले जाते आणि संध्याकाळी मासे सोडले जातात. पहिले काही दिवस सारे ठीक दिसते. मग मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि एकामागून एक मरतात. "मासेच कमजोर होते" किंवा "आमच्या हाताला यश नाही" असे म्हणून आपण विषय संपवतो. माझ्या मते दोष माशांचा नसतो आणि हाताचाही नसतो; दोष घाईचा असतो. नव्या पेटीत पहिला महिनाभर मासे सोडूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पाहा.

फिल्टर म्हणजे गाळणी, असे आपण समजतो. गैरसमजाची सुरुवात तेथूनच होते. चहाची गाळणी चहाची पूड अडवते. पण चहात विरघळलेली साखर ती अडवू शकते काय? माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर पडत असतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. हा अमोनिया साखरेसारखाच पाण्यात विरघळलेला असतो. त्यामुळे पाणी नितळ दिसत असूनही विषारी असू शकते. तळ्यात हे विष पुष्कळ पाण्यात पसरते. पण 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 30 उंच पेटी काठोकाठ भरली तरी तिच्यात 54 लिटरच पाणी मावते.

मग हा अमोनिया नाहीसा कोण करतो? याचे उत्तर 1877 साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्स या दोघांनी शोधले. वाळू आणि चुनखडीने भरलेल्या एका लांब नळीतून त्यांनी सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. त्यानंतर तो कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट मिळू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. म्हणजे हे काम वाळूचे नव्हते, तिच्यावर वाढलेल्या सूक्ष्मजीवांचे होते! तुमच्या पेटीतला फिल्टर म्हणजे ही नळीच होय. त्यातला स्पंज हे जिवाणूंचे घर आहे.

हे काम दोन टप्प्यांत होते. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असते; माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनवर त्याची क्रिया होऊन ते ऑक्सिजन वाहून नेईनासे होते. दुसरे जिवाणू या नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते पुष्कळच कमी घातक असते. हे दुसरे काम नायट्रोबॅक्टर करतात, असे पुस्तकांत असे. पण गोड्या पाण्याच्या पेट्यांत ते मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, असे 1998 साली दाखवून देण्यात आले. 2015 साली तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले.

हे जिवाणू सावकाश वाढतात. ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. अमोनियावर जगणाऱ्यांना उत्तम स्थितीतही कित्येक तास, आणि एरवी एखादा दिवस लागतो. अमोनियापासून ऊर्जा थोडीच मिळते, आणि तेवढ्यावर त्यांना कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर घडवायचे असते. म्हणून फिल्टर मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. लोणचे एका दिवसात मुरत नाही, तसेच हे आहे.

आता निवड. छोट्या पेटीसाठी हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर मला सर्वांत योग्य वाटतो. तो स्वस्त असतो, त्याला वीज थोडी लागते, आणि माशांची पिल्ले त्यात ओढली जात नाहीत. दर महिन्याला आतली गादी बदला, असे सांगणारे महागडे फिल्टर मला पटत नाहीत. गादी फेकली की तिच्यातले जिवाणूही गेले! स्पंज मळला तर पेटीतलेच पाणी बादलीत घेऊन त्यात हलके पिळावा. नळाखाली धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात शिरणार नाही.

फिल्टर मुरवण्यासाठी माशांचा बळी देण्याचे कारण नाही. क्लोरीन काढलेले पाणी भरून फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा. जिवाणूंना खाद्य म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतील शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, चालतो. 50 लिटर पाण्याला सुमारे एक तृतीयांश ग्रॅम पुरे. त्यातून लिटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम अमोनिया मिळतो. (हे गणित स्वतः करून पडताळा.) अमोनिया संपत आला की पुन्हा तेवढाच घाला. ओळखीच्या घरी जुनी, निरोगी पेटी असेल, तर तिच्या स्पंजाचा तुकडा आणून ठेवा. दुधाला विरजण लावतो तसाच त्याचा उपयोग होतो. घातलेल्या नवसागराचा अमोनिया आणि त्यापासून झालेले नायट्राइट, दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आल्याचे ओळीने काही दिवस दिसले, की बरेचसे पाणी बदला आणि मग थोडेच मासे सोडा. पुढेही नायट्रेट साचत राहते, म्हणून आठवड्याला सुमारे पाव भाग पाणी बदलावे लागते.

काही शिक्षक म्हणतील, "महिनाभर रिकामी पेटी पाहून मुले कंटाळतील." मला वाटते, शिकण्याचा खरा महिना तोच आहे. मत्स्यपेट्यांच्या दुकानांत रंग बदलून अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट दाखवणारी द्रावणे मिळतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी एक दिवसाआड पाणी तपासावे आणि आलेख काढावा. आधी अमोनिया उतरेल. मग नायट्राइट चढून उतरेल. नायट्रेट मात्र चढतच राहील. पाठ्यपुस्तकातील नायट्रोजनचक्राचा एक मोठा भाग मुलांच्या डोळ्यांसमोर घडेल.

मासा मुका असतो. पाणी बाधते आहे हे तो सांगू शकत नाही. त्याला बंदिस्त पाण्यात ठेवायचे, तर ते पाणी राहण्याजोगे करून देण्याची जबाबदारी आपली आहे. तेव्हा यंदा वर्गात पेटी येणार असेल, तर पहिल्या दिवशी फक्त फिल्टर चालू करा. माशांची खरेदी कोणत्या दिवशी करायची, ते तुमचा आलेखच तुम्हाला सांगेल.