घाम मैदानावर, पार्टी शनिवारी

आमच्या शाळेच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीची पोरं १६०० मीटर धावण्याचा सराव करतात. त्यातला एक माझाच जुना विद्यार्थी. परवा म्हणाला, "सर, आठवडाभर घाम गाळतो. शनिवारी थोडी घेतली तर काय बिघडतं? वरून चार अंडी खातो की!"

बिघडतं. व्यायामाने थकलेले स्नायू नंतरच्या विश्रांतीत भरून येतात, आणि दारू नेमकी तिथेच आडवी येते. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात ८ पुरुषांना व्यायामानंतर भरपूर दारू दिली. सोबत प्रथिनं देऊनही स्नायूंची बांधणी २४ टक्क्यांनी घटली, प्रथिनांशिवाय ३७ टक्क्यांनी. म्हणजे अंड्यांनी सगळं भरून निघत नाही. शिवाय लघवीवाटे अंगातलं पाणी जातं, झोप नीट लागत नाही ते वेगळंच.

प्रयोगात 'भरपूर' होती, हा तर 'थोडी' म्हणतो. ती थोडी म्हणजे किती, ते सोमवारी मैदानावरच्या बाटल्या उचलताना मला कळतं!

पालकहो, पोराला बूट, दूध, अंडी सगळं हौसेनं आणून देता. शनिवारी रात्री तो कुठे असतो, हेही एकदा विचारा. कारण सोमवारी त्याच मैदानावर माझी चौथीची मुलं कवायतीला उभी राहतात, आणि बाटल्या माझ्याआधी त्यांना दिसतात.