सही करण्याआधी

गेल्या वर्षी माझा मामेभाऊ मोबाईल घेऊन आला. "भाईजान, एवढं वाचून सांगा." इंग्रजीत नोटीस होती. वसमत तालुक्यातला हा हळद पिकवणारा माणूस शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे. संचालक म्हणजे नेमकं काय, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दाखवलं तिथे सही केली, बस्स.

दहा शेतकरी आणि पाच संचालक मिळाले की अशी कंपनी नोंदवता येते. कायदा मात्र २०१३ चा कंपनी कायदाच. ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र उशिरा भरलं, तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. सलग तीन वर्षं भरलंच नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र, कुठल्याही कंपनीत. इंग्रजी येत नव्हतं, ही सबब तिथे चालत नाही.

म्हणून माझं म्हणणं, वकिलाचा सल्ला नोटिशीनंतर नको, पहिल्या सहीआधी हवा, आणि मराठीत हवा. भावाच्या दुकानातून बारदान घ्यायचं असेल तर ते आधी संचालक मंडळासमोर मांडा, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. आपण त्याला घरचा माणूस म्हणतो, कायदा संबंधित पक्ष म्हणतो.

कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, साक्षीदारांसह. आम्ही ती पाठ करतो आणि पावती मागायला लाजतो!

मामेभाऊ आता कागद घरी आणतो. मागच्या खेपेला सहीला दोन दिवस लागले. हिशेबनीस चिडला होता.